आईबरोबर लंडनचा नाताळ

२६ डिसेंबर, रात्री उशिरा

आई यंदा प्रथमच डिसेंबरात आली आहे. एरवी ती उन्हाळ्यात येते, त्यामुळे राजवाडे, पूल, संग्रहालयं सगळं तिचं बघून झालंय. नाताळात या शहरात बघण्यासारखं आणखी पुष्कळ असतं, पण मला तिला अशा ठिकाणी न्यायचं होतं, जिथे तिलाही काहीतरी करायला मिळेल. तिला इंग्रजी छान वाचता येतं, बोलताना मात्र बिचकते, आणि मग गर्दीत पर्स छातीशी धरून कडेला उभी राहते. सणासुदीला तिला असं उभं बघवत नाही मला.

रोषणाईपासून सुरुवात केली, कारण ती चुकवणं शक्यच नसतं. चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि मग रीजंट स्ट्रीटवर डोक्यावर ते पंख पसरलेले दिव्यांचे देवदूत उजळतात. या रस्त्यावर पहिली रोषणाई १९५४ साली झाली. त्याच वर्षी जुलैत इथलं युद्धकाळापासूनचं रेशनिंग एकदाचं उठलं होतं. चौदा वर्षं लोणी, साखर, मांस मोजून खाल्लेल्या लोकांना ते दिवे बघून काय वाटलं असेल, हे मी आईला विचारलं. तिने रेशनच्या रांगा बघितल्या आहेत. ती म्हणाली, ‘डोळे भरून आले असतील गं.’ पिकॅडिलीला फॉर्टनम अँड मेसन या दुकानाच्या दर्शनी भागावर मोठं घड्याळ आहे, १९६४ सालचं. दर तासाला त्यातून दुकानाच्या दोन संस्थापकांचे पुतळे बाहेर येतात आणि एकमेकांना वाकून नमस्कार करतात. खाली उभ्या माणसांमध्ये आईनेही हात जोडले. शेजारच्या बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांनीही जोडले.

पण माझं खरं प्रेम ट्रफाल्गर चौकातल्या झाडावर आहे, आणि ते मी कुणालाही पटवून द्यायला तयार असते. दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच, किती साधं झाड, दिवेसुद्धा धड नाहीत. दिवे नॉर्वेच्या पद्धतीचे आहेत, शेंड्यापासून खाली सरळ सोडलेल्या माळा. झाडही तिथलंच, ऑस्लोजवळच्या जंगलात पन्नाससाठ वर्षं वाढलेलं, वीस मीटरहून उंच. नोव्हेंबरात ते कापतात, समुद्रमार्गे इंग्लंडला आणतात आणि डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी चौकात उजळतात. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. जूनमध्ये राजा हाकोन आणि त्यांचं सरकार लंडनला आलं आणि युद्ध संपेपर्यंत इथूनच कारभार चालला. त्या आधाराची आठवण म्हणून १९४७ पासून ऑस्लो शहर लंडनला दरवर्षी एक झाड भेट देतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अजून पाठवतात? त्या वेळची माणसं तर आता उरली नसतील.’ अजून पाठवतात, आई. म्हणूनच मला त्याच्यावर चमचमणारी खेळणी नको असतात.

झाडाखाली संध्याकाळी वेगवेगळी गायनमंडळं येतात आणि एखाद्या संस्थेसाठी मदत गोळा करत कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गातात. आम्ही गेलो तेव्हा गाणाऱ्यांमध्ये एक आजोबा होते, हातमोजे काढून कागद धरलेला, बोटं थंडीने लाल, आणि आवाज असा की मागच्या बसचा हॉर्न ऐकू येईना. आई त्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. पर्स तिने माझ्याकडे दिली होती.

तेव्हाच ठरवलं, तिला आमच्या भागातल्या चर्चमध्ये कॅरलच्या प्रार्थनेला न्यायचं. मोठ्या कॅथीड्रलमध्ये गाणं उत्तम असतं, पण लांबच लांब रांगा लागतात आणि माणूस शेवटी श्रोताच राहतो. छोट्या चर्चमध्ये दारातच छापील कागद हातात देतात आणि सगळ्यांनी गायचं असतं, सूर असो वा नसो. आपल्याकडे आरतीसंग्रह हातात आला की पाहुणासुद्धा आवाज लावतो, तसंच हे. सोबत एक मेणबत्ती मिळते. मेण बोटांवर ओघळू नये म्हणून तिला पुठ्ठ्याची गोल चकती लावलेली असते. बायबलमधली नऊ वाचनं आणि मधे मधे कॅरल, अशी ही रीत १८८० साली कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो इथे सुरू झाली, तीही नव्या कॅथीड्रलचं बांधकाम चालू असताना तात्पुरत्या लाकडी इमारतीत. पुढे १९१८ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने ती उचलली, रेडिओवरून ती घरोघर पोचली. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे वाचनाचा क्रम. पहिलं वाचन लहान मुलाकडे आणि मग चढत चढत शेवटचं सर्वांत ज्येष्ठाकडे. आमच्याकडे पहिलं वाचलं ते एका आठनऊ वर्षांच्या मुलीने, स्टुलावर उभं राहून. आईने चष्मा लावून सगळी कडवी म्हटली, दुसऱ्या कडव्यापासून चालही बरोबर पकडली. बाहेर पडताना पाद्रीबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि पुन्हा या म्हणाल्या. ‘येईन’ असं आईने मराठीतच सांगितलं, आणि त्यांना कळलं.

हाइड पार्कमधली जत्रा, सॉमरसेट हाउसच्या अंगणातलं बर्फावरचं स्केटिंग हेही झालं. मुलांना ते हवंच असतं, आणि स्केटिंगची तिकिटं लवकर काढावी लागतात. त्यापलीकडे लिहावं असं काही नाही.

काल, म्हणजे नाताळच्या दिवशी, लंडनमध्ये ना ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, चालते ना बस. नवीन आलेल्या माणसाला हे खरंच वाटत नाही. मला मात्र वर्षातला हा सर्वांत लाडका दिवस, कारण एवढं अवाढव्य शहर एका दिवसापुरतं पायी चालणाऱ्यांचं होतं. आम्ही अंधारातच निघालो, कारण सकाळी नऊला हाइड पार्कच्या सर्पेंटाइन तळ्यात पोहण्याची शर्यत असते. तिथला पोहणाऱ्यांचा क्लब १८६४ सालचा. १९०४ मध्ये ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी यांनी शर्यतीसाठी चषक दिला, म्हणून तिला पीटर पॅन कप म्हणतात. अंतर अवघं शंभर यार्ड, पण पाणी असं की नुसतं हात घालूनही कळ यावी. उतरायची परवानगी फक्त क्लबच्या सभासदांना, काठावर मात्र कुणीही यावं. आईच्या वयाच्या एक बाई लाल टोपी घालून पाण्यातून वर आल्या, खांदे भाजल्यासारखे लालबुंद, आणि खदखदून हसत होत्या. आईने आपल्या थर्मासमधला चहा ओतून कप त्यांच्यापुढे धरला. आल्याचा चहा. त्यांनी तो घेतला, दुसरा मागितला, आणि त्या दोघी काय बोलल्या ते मला गर्दीत ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होत्या.

दुपारी तीनला सगळ्या घरांत टीव्हीवर राजाचं भाषण लागतं. ही प्रथा १९३२ साली पाचव्या जॉर्जने रेडिओवरून सुरू केली. आमच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण तेवढ्यात घरी परतली. बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘क्रायसिस’ या संस्थेच्या नाताळ केंद्रात ती दरवर्षी सेवेला जाते. तिथे जेवण तर असतंच, शिवाय केस कापायला न्हावी, दातांचे डॉक्टर, पायांची काळजी घेणारेसुद्धा असतात. स्वयंसेवकांना आधी नाव नोंदवावं लागतं. पुढच्या वर्षी मी नोंदवणार आहे, आणि आईने ‘तेव्हा मला पण बोलाव’ असं आताच सांगून ठेवलंय.

आज पॅन्टोमाइमला गेलो. नाव काहीही असो, मूकनाट्याशी त्याचा संबंध नाही. परीकथा असते, म्हाताऱ्या बाईचं काम रंगवून सजवून पुरुषच करतो, खलनायक आला की सगळ्यांनी हुर्यो करायची, आणि त्याच्या मागून कुणी डोकावलं की अख्ख्या थिएटरने ओरडून सांगायचं. इथे गप्प बसलेला प्रेक्षकच वाईट प्रेक्षक. सुरुवातीला आई इकडेतिकडे बघत होती. मध्यंतरानंतर नायिकेच्या पाठीमागे भूत आलं तेव्हा ती अर्धी खुर्चीतून उठली आणि खणखणीत आवाजात ओरडली, ‘अगं ए बाई, मागे बघ!’ पुढच्या रांगेतली दोन मुलं वळून तिच्याकडे बघून हसली, आणि पुढच्या वेळी भूत आलं तेव्हा तीही तिच्यासारखंच ओरडायला लागली, ‘मागे बघ! मागे बघ!’

ती परत जायच्या आत आणखी एका प्रयोगाची तिकिटं काढायची आहेत. या वेळी पुढच्या रांगेतली हवीत, असं तिचं म्हणणं आहे.