साधा मायक्रोस्कोप अजून कशाला?

वडोदऱ्यात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे दांडिया बाजारात कोणी पालक भेटले की हमखास विचारतात, "ताई, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लाखो पटींनी मोठं दाखवतो म्हणे, मग मुलांना अजून तो साधाच का देता?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

तळ्याच्या पाण्यात वाळकं गवत चार-पाच दिवस भिजू द्या आणि त्यातला एक थेंब स्लाइडवर घ्या. पॅरामिशियम हा एकाच पेशीचा जीव सुळकन पळताना दिसेल. कुठे अडलं की मागे सरकतं, वळतं, पुन्हा निघतं. जास्तीचं पाणी बाहेर टाकणारी पोकळी हळूहळू फुगते, पटकन मिटते, परत भरू लागते. हे बघताना मुलं बोलायचीसुद्धा थांबतात.

त्याच्या अंगावर लवलवणारे केस असतात, जाडी जेमतेम पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांच्या आत काय आहे ते मात्र इथे कळत नाही. २०० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) जवळचे दोन बिंदू साध्या, प्रकाशावर चालणाऱ्या मायक्रोस्कोपला वेगळे दाखवता येत नाहीत. दोष भिंगाचा नाही, प्रकाशाच्या तरंगलांबीचा आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी हे १८७३ मध्येच मांडलं होतं.

इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रकाशाच्या तरंगलांबीहून हजारो पटींनी लहान. बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल या अभियंत्यांनी १९३१ साली काचेच्या भिंगांऐवजी चुंबकीय भिंगं वापरून पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. आजच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याच केसाचा आडवा छेद पाहिला, तर कडेनं नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन नळ्या दिसतात. एकेक नळी २५ नॅनोमीटरची! आपल्या श्वासनलिकेतल्या केसांतही हीच रचना आहे. मला याचं अजून नवल वाटतं.

पण हवेत इलेक्ट्रॉन विखुरतात, म्हणून आत निर्वात पोकळी लागते. मग पॅरामिशियम रसायनांनी मारायचं, त्यातलं पाणी काढायचं, रेझिनमध्ये, म्हणजे कडक होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थात, घट्ट बसवायचं, हिऱ्याच्या सुरीनं १०० नॅनोमीटरहून पातळ काप काढायचे आणि त्यांना जड धातूंचे क्षार लावायचे. चित्र येतं ते काळं-पांढरं. पुस्तकातले रंग नंतर भरलेले असतात. केस हलतो कसा, ते या कापावरून उलगडत गेलं. पण तो हलतो, हे आधी जिवंत थेंबातच बघावं लागतं. म्हणून मी मुलांना आधी थेंब देते.

घरी मायक्रोस्कोप घेणार असाल, तर खोक्यावरच्या "२००० पट" वगैरेला भुलू नका. साधारण १४०० पटींपुढे चित्र नुसतं मोठं होतं, नवं काही दिसत नाही. पॅरामिशियमसाठी १०० ते ४०० पट भरपूर झाले.