नऊ डबे पाणी

मालवणच्या मेडिकलवाल्याने डायपरचं पाकीट काउंटरवर ठेवत विचारलं, "बाळ कितक्या किलोचा?"

"अठ्ठावीस फुटांचं," मी म्हटलं.

त्याने चष्म्यावरून बघितलं. मग मामाचं नाव सांगितल्यावर सगळा उलगडा झाल्यासारखी मान हलवली आणि सुट्टे परत दिले. देवबागात मामाची बोट पाणी पिते हे बहुधा तोवर तारकर्लीपासून मालवणपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

बोट माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. लाकडी, आजीच्या नावाची, मागच्या बाजूला एका जुन्या ट्रकचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलेलं. आधी मासेमारी, आता पर्यटक. सकाळी डॉल्फिन, मग त्सुनामी आयलंड, संध्याकाळी कर्ली नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत एक फेरी. आजूबाजूच्या सगळ्यांनी फायबरच्या बोटी घेतल्या, मामाने घेतली नाही. का नाही, असं विचारलं की तो विषय बदलून सोलकढी घेणार का विचारतो.

मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. एप्रिलमध्ये आठ दिवसांची रजा घेऊन गेले ती विश्रांतीसाठी. पहिल्याच संध्याकाळी मामा कापलेल्या ऑइलच्या डब्याने बोटीच्या तळातलं पाणी उपसताना दिसला. एक, दोन, तीन… नऊ. लिटरभराचा डबा. शेवटच्या डब्यातलं पाणी काळपट, वर इंद्रधनुष्याचा तवंग, आणि कडेला किंचित हिरवी झाक.

"पंप आहे ना तुझ्याकडे? आपोआप चालणारा?"

"आसा. बंद करून ठेवलंय. तेलाचा पाणी खाडीत सोडूक लाज वाटता."

आणि मग, डबा आपटून रिकामा करताना, जरा अपराध्यासारखं, "दोन मिस्त्री इले, बघून गेले. खंयसून येता ता कोणाक गावाक नाय."

इथे माझ्यातली नर्स जागी झाली. आमच्या वॉर्डात प्रत्येक खाटेला एक कागद लटकवलेला असतो. बाळाच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं, दर तासाचा हिशेब. दूध किती, सलाईन किती, उलटी किती, लघवी किती. डॉक्टर तो कागद बघतात, बाळाकडे नंतर बघतात. नवीन मुलींना मी पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवते, की अंदाजे लिहायचं नाही. मग मामाच्या बोटीलाच का सूट द्यायची? भिंतीवरच्या कॅलेंडरचं मार्च महिन्याचं पान फाडून मी मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले.

"काय गो, सलाईन लावतलंस काय तिका?" मामी ओट्यावरून म्हणाली.

पण मामाने मला लगेच कामाला लागू दिलं नाही. त्याचं म्हणणं, "आधी सुकी कर. सुक्यातच ओला दिसता."

हे ऐकायला सोपं आहे, करायला फार जिवावर येतं. कारण आपल्याला वाटत असतं की ते ओघळ, ते काळे डाग म्हणजे पुरावा. तोच पुसायचा? पण वर्षानुवर्षांच्या चिकट तेलाने सगळं इंजिनच ओघळलेलं असेल तर त्यातला आजचा ओघळ कुठला आणि गणपतीच्या आधीचा कुठला, हे कोण सांगणार. दीड दिवस आम्ही कपड्यांच्या पावडरीने तळ घासला. मामीच्या दोन जुन्या साड्या पोतेऱ्याच्या कामी आल्या. इंजिनाखाली हात घालायचा तर मी पालथी, तोंड बॅटरीच्या पेटीला टेकलेलं, आणि मामा वरून टॉर्च धरून मला नेमकं डोळ्यांत प्रकाश पाडत बसलेला. शेवटी एप्रिलच्या उन्हाने जे करायचं ते केलं. तळाच्या फळ्या प्रथमच खऱ्या रंगाच्या दिसल्या, गुळासारख्या.

रात्रभर बोट नांगरावर उभी ठेवली. सकाळी तळावर हात फिरवून बघितला. जवळजवळ कोरडी. म्हणजे फळ्या आणि त्यांच्या सांध्यांत ठासलेला कापूस, त्यावरची राळ, हे सगळं निर्दोष. लाकूड पाण्यात राहून फुगतं आणि सांधे आपोआप घट्ट होतात. लाकडी बोट उन्हात फार दिवस कोरडी पडली तरच उलट चाळणी होते. मामाने ही बातमी ऐकून छाती जरा फुगवली. फळ्या त्याने स्वतः बदलल्या होत्या.

मग जागेवरच इंजिन चालू केलं. पाचव्या मिनिटाला मी ओरडले, "सापडलं!" पंख्याकडे जाणारा शाफ्ट जिथून बोटीबाहेर पडतो तिथे पितळी नटाखालून थेंब टपकत होते. टप्, टप्, अगदी स्वच्छ.

मामा हसला. "ता गळूकच होया."

म्हणजे काय, तर त्या नटाच्या आत चौकोनी विणीच्या दोरीचे वेढे असतात, ग्रीस भरलेले. नट आवळला की दोरी शाफ्टला घट्ट बिलगते आणि समुद्र बाहेर राहतो. पण पूर्ण आवळायचा नाही. फिरणाऱ्या शाफ्टला आणि दोरीला थंड ठेवायला आणि वंगणाला थोडं पाणी आत यावंच लागतं. इंजिन चालू असताना मिनिटाला काही थेंब, बंद केल्यावर शून्य. "कोरडो शाफ्ट जळतलो," मामा म्हणाला आणि एका जुन्या शाफ्टचा तुकडा आणून दाखवला. कुणा उत्साही माणसाने नट असा काही आवळला होता की दोरीने लोखंडात करंगळी बसेल एवढी चर पाडली होती.

मी घड्याळ लावून थेंब मोजले. मिनिटाला आठ. आमच्या सलाईनच्या नळीत वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तोच हिशेब धरला. तासाला चोवीस मिली. दिवसाच्या पाच फेऱ्या, चाळीस-चाळीस मिनिटांच्या, म्हणजे सगळं मिळून ऐंशी मिली. अर्धा कप चहा. नऊ लिटर कुठे आणि अर्धा कप चहा कुठे! कागदावर मी "शाफ्ट" हा रकाना निरोगी म्हणून बंद केला.

म्हणजे उभी असताना गळत नाही, जागेवर इंजिन चालवलं तरी गळत नाही, आणि संध्याकाळी नऊ डबे. मिस्त्री का हरले ते आता कळलं. दोघांनीही तिला नांगरावर बघितलं होतं. आमच्याकडे डॉक्टर राउंडला आले की ताप उतरलेला असतो आणि त्यांची पाठ फिरली की मूल फणफणतं, त्यातलाच प्रकार. हिला धंद्यावर असताना तपासायला हवं होतं.

डायपर त्यासाठी आणले होते. वॉर्डात आम्ही ओला डायपर वजनकाट्यावर ठेवतो, कोरड्याचं वजन वजा करतो, जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. इथे वजनकाटा एकच होता, मामीचा, बांगडे विकायचा.

"माझ्या काट्यार तेलाचो वास इलो तर बांगडे कोण घेतलो?" मामीने तोफ डागली. शेवटी काट्यावर केळीचं पान ठेवून तह झाला.

कोरडा डायपर ४० ग्रॅम. एक शाफ्टखाली, एक इंजिनाखाली, एक मागे सुकाणूच्या दांड्याच्या बुडाशी, एक पुढे. सकाळच्या फेरीला इचलकरंजीचं एक मोठं कुटुंब होतं, बारा माणसं. बोट सुटली, मामाने वेग वाढवला, तशी सगळी मंडळी फेसाचा व्हिडिओ काढायला मागच्या फळीवर जाऊन बसली. डॉल्फिन दिसले की नाही मला माहीत नाही. मी फळी उचलून खाली टॉर्च मारत होते आणि त्यातल्या एका आजींनी मला ओकारी होतेय असं समजून आवळा सुपारी दिली.

परत आल्यावर केळीच्या पानावर वजनं झाली. शाफ्टखालचा ५६. म्हणजे चाळीस मिनिटांत सोळा मिली, माझ्या गणिताप्रमाणे तंतोतंत. मला इतका आनंद गेल्या दिवाळीलाही झाला नव्हता. पुढचा कोरडा. इंजिनाखालचा ४६, हिरवट. आणि सुकाणूखालचा ६१० ग्रॅम, उशीसारखा टम्म, शिवाय त्याच्याभोवती तळं. खाऱ्या पाण्यात डायपर गोड्या पाण्याइतका फुगत नाही, नाहीतर अजून प्याला असता.

सुकाणूचा दांडाही तळातून वर येतो आणि त्यालाही तशीच दोरीची वेढणी असते. पण ती जागा बोट उभी असताना पाण्याच्या वर चार बोटं. त्यामुळे तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. वेग घेतला की बोट मागे बसते, त्यात बारा माणसं मागेच गोळा झाली की आणखी बसते, आणि ती चार बोटं पाण्याखाली जातात. आतली दोरी मामाने काढली तेव्हा तिचा सुका काथ्या झाला होता, बोटांत चुरला. नवी दोरी, ग्रीस, तासाभराचं काम. दोरीचे तुकडे गोल न गुंडाळता एकेक वेढा वेगळा कापून, त्यांची तोंडं एकाखाली एक येणार नाहीत अशी बसवायची. हे मामाने मला दोनदा करायला लावलं.

हिरव्याचा शोध जरा वेगळा. तो थेंब पडायचा इंजिनाच्या मागच्या टोकाला. मामाने सवयीने बोट बुडवून जिभेकडे नेलं. समुद्राचं की इंजिनातलं, हे दर्यावर्दी माणूस चवीनेच ठरवतो. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, चहूबाजूंनी समुद्र असून. इकडच्या माणसाला खारं-गोडं हा फरक जन्मापासूनच महत्त्वाचा. पण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हे हिरवं पाणी, गोड लागतं आणि विषारी असतं, म्हणून मी त्याचा हात धरला. "वास घे, चव नको." वास गोडसरच होता.

थेंब पडतो तिथे काहीच सैल नव्हतं. एक पाइप नाही, एक क्लिप नाही. तेव्हा इंजिन पुसून कोरडं केलं आणि मामीची तोंडाला लावायची पावडर त्याच्यावर भुरभुरवली. इंजिन मयताला न्हाऊ घातल्यासारखं पांढरं दिसायला लागलं. मामी म्हणाली, "आता कुंकू लाव!" वीस मिनिटं चालवल्यावर त्या पांढऱ्यावर एक बारीक ओली रेघ उमटली. पुढून सुरू होऊन एका रबरी पाइपच्या पोटाखालून ती सरपटत गेली, पाइप जिथे वाकतो तिथे थांबली, आणि तिथून थेंब होऊन खाली. दोन हात लांबून आलेलं पाणी! गळतं पुढे आणि पडतं मागे. शिवाय बोटीचा तळ मागे उतरता, त्यामुळे एकदा पडलं की सगळे द्रव मागेच जाऊन एकमेकांत मिसळतात.

रेघेचं मूळ निघालं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या बुडाला. तिथे एक बारीक भोक असतं, कारखान्यातूनच दिलेलं. पंपाच्या आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये घुसू नये, आधी या भोकातून बाहेर पडावं आणि मालकाला दिसावं, एवढ्यासाठीच ते असतं. आधीच्या कुणीतरी हे भोक गळतंय असं बघून त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून टाकली होती. ती तडकून बाजूने पाणी झिरपत होतं. मला आमच्या वॉर्डातला एक प्रसंग आठवला. फार वाजतो म्हणून एका पाहुण्याने मॉनिटरचा आवाजच बंद केला होता. मामाने लांबी खिळ्याने टोकरून काढली, कुडाळहून दुसरा पंप मागवला, आणि लांबी कुणी भरली याचा शोध घ्यायला नकार दिला. मला संशय आहे की उत्तर मामाला आधीच माहीत होतं.

राहिलं काळं तेल. ते येत होतं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचातून, म्हणजे आतलं मागचं सील. डायपरला तेल फारसं आवडत नाही, तो मुख्यतः पाणीच शोषतो. त्याने पाणी पिऊन बरंचसं तेल वर ठेवलं होतं. सील बदलायचं तर गिअरबॉक्स सोडवायचा, इंजिन उचलायचं. दिवसाला दोन चमचे तेलासाठी ऐन हंगामात हे कोण करणार? "ऱ्हवांदे," मामा म्हणाला. जूनमध्ये बोट वर ओढून झापांखाली गेली की बघू. तोवर त्या जागी प्लॅस्टिकचा कॅन आडवा कापून ठेवला आहे, कागदावर त्याचाही रकाना आहे, आणि तेलाची काडी रोज बघायची आहे.

मी पुण्याला परतले त्याला तीन आठवडे झाले. रोज संध्याकाळी फोनवर मामाचा निरोप येतो, कॅलेंडरच्या मागच्या पानाचा फोटो. पेन्सिलीने, शाळेतल्या अक्षरात. परवाचा असा होता: पाणी पाव डबो. तेल दीड चमचो. हिरव्या शून्य. आणि खाली त्याने स्वतः आखलेला नवा रकाना: मामीची शुगर १८२.

मी लगेच फोन केला. "मामा, जेवणाआधीची की नंतरची?"

"कोणाची? बोटीची?"