युद्धात मूल गमावलेल्या आईचं गाणं

अशा गाण्यात ‘बलिदान’, ‘अमर’ हे शब्द आले की आई बाजूला पडते आणि भाषण सुरू होतं. एकच वस्तू धरा: घरी परत आलेला त्याचा सदरा, कॉलरची घडी अजून तशीच. चाल अंगाईची, दादरा तालाच्या 6 मात्रांत, म्हणजे ठोक्यांत. मिनिटाला 90 मात्रा धरल्या तर आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, 4 सेकंदांचं होतं, पाळण्याचा सावकाश झोका. पट्टी थोडी खालचीच बरी. वरच्या पट्टीत आक्रोशाचं ओरडणं होतं.

हमखास बिघडतं ते शेवटचं कडवं. गायक मुद्दाम हुंदका आणतो, गळा आवळतो, सूर उतरतो, शब्द कळत नाहीत. मुलाच्या नावाआधी पुरता श्वास घ्या, नाव सरळ सुरात लावा, आणि पुढच्या दोन मात्रा वाद्यंही थांबू द्या.