गुडघाभर सिमेंट

जुन्या शाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीला जोत्यापासून गुडघ्यापर्यंत सिमेंटचा गिलावा मारलाय. कोणी मारला ते सगळ्यांना ठाऊक आहे. काम झकास: ओळंब्यात, कडा साधलेल्या, थापीची रेघसुद्धा नाही. त्यामुळेच जास्त लागलं. हलगर्जीपणा असता तर दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

भिंत विटांची, दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याच्या. जमिनीतली ओल अशा भिंतीत साधारण मीटरभर चढते आणि चुना उघडा असेल तर दर्जांतून वाळून जाते. दर्जा झिजतात, पण त्या झिजायलाच असतात. वीट वाचते, आणि बऱ्याच वर्षांनी दर्जा पुन्हा भरता येतात. वरून सिमेंट थापलं की ओलीला बाहेर पडायला जागाच उरत नाही. मग ती आणखी वर चढते आणि गिलाव्याच्या वरच्या काठाशी बाहेर येते. सोबतचे क्षार विटेच्या कातडीमागे साठतात, त्यांचे खडे होतात, आणि वीट पापुद्रे टाकू लागते. म्हणजे गुडघ्याशी असलेला लोणा, हा क्षारांचा पांढरा थर, मांडीला येणार. तेव्हा कोणीतरी नक्की म्हणणार, गिलावा कमी पडला, अजून हातभर चढवा!

इतकं सांगून झालं, कागदावर काढून दिलं, तरी हेच. आपण बोलतो ते ऐकू तरी जातं का कुणाला? कमिटीचं तर सोडाच.

पण राग नेमका कशाचा, ते धड पकडता येत नाहीये. सिमेंटचा म्हणावा, तर ते आज ना उद्या निघेल. ज्यांना इमारत पाडायची आहे त्यांनी भिंतीला बोटही लावलेलं नाही. हात लावला तो ती राहावी असं वाटणाऱ्याने. आपल्या बाजूचा एकुलता एक माणूस, आणि नुकसान त्याच्याच हातून.

त्यात ओल मुळात भिंतीची नव्हतीच. वरची पन्हळ पाल्याने तुंबलेली, पाणी काठावरून भिंतीवर उतरतं. खाली जोत्याभोवती कधीतरी काँक्रीट ओतून जमीन आतल्या फरशीच्या बरोबरीला आणलेली. बाहेरची जमीन फरशीपेक्षा निदान वीतभर खाली हवी आणि उतार भिंतीपासून दूर. आधी पन्हळ, मग जमीन, भिंत सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे भिंतीत जिरतात.

त्याच पन्हळीखाली कैचीची, म्हणजे छत पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याची, दोन टोकं भिंतीत गाडलेली आहेत. खालून रंगवलेली तुळई ठणठणीत दिसते, पण टोच्या रुतवून पाहिल्याशिवाय काही खरं नाही. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि सुरुवात होते ती भिंतीत बसलेल्या टोकापासून. त्यासाठी अख्खी कैची मोडीत काढायची गरज नसते. कुजकं टोक चांगल्या लाकडापर्यंत कापायचं, त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा जोड बोल्टने बसवायचा आणि टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडायची. छत उतरवायच्या गोष्टी करणाऱ्यांना हे... जाऊ दे.

वरच्या मजल्यावर वाचनालय करायचं म्हणतात. कल्पना चांगली, मजला चुकीचा. वर्गखोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण 300 किलो भार धरतात. पुस्तकांच्या उंच रॅकना त्याच्या दुप्पट किंवा जास्त. पुस्तकं खाली ठेवा, वर सभा, शिकवण्या, काहीही. संडास-मोऱ्या मागे वेगळ्या छपरात काढा, जुन्या भिंतीत नळ खोचू नका. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या 1964च्या व्हेनिस सनदेतही हेच आहे: समाजाच्या उपयोगी पडणारा वापर असला की जतन सोपं होतं, पण त्यापायी इमारतीची मांडणी बदलू नये. बंद इमारतीत तुंबलेली पन्हळ कोणाला दिसणार?

तर आता गिलाव्याचं काय. उपटायचा म्हटला तर सिमेंट विटेला इतकं घट्ट धरतं की सोबत विटेचं तोंडही येतं. आधी कोपऱ्यात हातभर तुकडा छिन्नीने काढून पाहावा, ग्राइंडर लांब. वीट शाबूत राहिली तर पुढे जायचं: दर्जा रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायच्या, भिंत भिजवायची, एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग भरड वाळू दाबून भरायची, ओलं गोणपाट टांगून आठवडाभर तरी उन्हापासून राखायची. चुना आतपर्यंत पिकायला महिने जातात, घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

वीट सोलून निघाली तर गिलावा राहू द्यायचा. पन्हळ मोकळी झाली, जमीन खाली गेली, तर त्याच्यामागची ओलही कमी होईल. पुढे तो आपणहून पोकळ वाजू लागला की अलगद निघेल.

आणि चुन्यात दर्जा भरायला तोच माणूस हवा. एवढ्या सफाईचा हात आपल्याकडे दुसऱ्या कोणाचा आहे? फक्त यावेळी गोणी आधी बघून घ्यायची.