तुम्ही विचारलंत म्हणून: करपलेल्या भाकरीनं कॅन्सर होतो का?

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळं मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्याही मोबाईलवर "हे खाल्लं की कॅन्सर" असला व्हिडिओ आला की तो फिरत फिरत माझ्याकडं येतोच. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, मॅडम भाकरीवरचे काळे डाग पोटात गेले तर कॅन्सर होतो का, आणि मग लगेच, मटणाचं काय. तर एकदा नीट लिहितेच.

ही भीती उगाच आलेली नाही. 2002 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना तळलेल्या बटाट्यात, ब्रेडमध्ये अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन सापडलं. धान्यात, बटाट्यात अ‍ॅस्पॅराजिन नावाचं अमिनो अ‍ॅसिड असतं, ते आणि साखर साधारण 120 डिग्रीच्या वर एकत्र तापले की हे तयार होतं, म्हणजे भाकरीला जो खरपूस वास सुटतो ना त्याच भानगडीत. उंदरांना ते दिल्यावर कॅन्सर झाला हे खरं, पण ते डोस आपल्या जेवणातल्या प्रमाणाच्या हजार ते दहा हजार पट होते, आणि नंतर माणसांवर जे मोठमोठे अभ्यास झाले त्यात जेवणातल्या अ‍ॅक्रिलामाइडचा कॅन्सरशी ठाम असा संबंध दिसला नाही. भाकरीच्या आत पाणी असतं, तिथं तापमान शंभरच्या फारसं वर जातच नाही, जे होतं ते वरच्या डागांपुरतं. कोळसा झालेलं तेवढं खरवडून टाका आणि बाकीची निवांत खा. बटाट्याचे काप, चिप्स मात्र तपकिरी होईपर्यंत तळू नका, पिवळसर झाले की काढा.

आता मटण. इथं जरा थांबून वाचा, कारण इथं पद्धतीनं फरक पडतो. मटण, चिकन, मासे थेट जाळावर किंवा खूप तापलेल्या तव्यावर, साधारण 150 डिग्रीच्या वर भाजले की हेटेरोसायक्लिक अमाइन्स नावाची, कॅन्सरचा संशय असलेली रसायनं तयार होतात, आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर उठतो त्यातून पीएएच नावाची तसलीच रसायनं मांसावर बसतात. आपला तांबडा-पांढरा रस्सा पाण्यात शिजतो, त्यामुळं हा भाग तिथं फार कमी. सुकं करताना परतून परतून काळं करू नका, तंदूर खाताना जळकी कड काढून ठेवा, एवढं पुरे. पण रस्सा आहे म्हणून रोज ओरपा असंही मी म्हणणार नाही, कारण 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं लाल मांस, ज्यात बोकडही आलं, "बहुधा कॅन्सरकारक" गटात घातलंय, ते कसंही शिजवा.

त्याच वेळी सॉसेज, सलामी, बेकन असलं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या, म्हणजे "कॅन्सर करतं हे पक्कं" अशा गटात गेलं, तंबाखूच्या शेजारी, आणि तेव्हापासून लोक मला म्हणतात की सलामी म्हणजे सिगरेटच की. तसं नाही. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे, धोका किती मोठा आहे ते नाही. रोज 50 ग्रॅम असलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण 18 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे शंभरातल्या अठरांना होतो असं नव्हे, मूळ जो थोडा धोका असतो तो तेवढा वाढतो.

आणि हे सगळं लिहिताना मला खरी काळजी वाटते ती मिश्रीची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची आणि रोज ती हिरड्यांना घासायची, आमच्या भागात कितीतरी मावशी, आज्ज्या हे आजही करतात, दात चांगले राहतात म्हणून. त्यात तंबाखूतलं विष आहेच, वर भाजल्यामुळं पीएएचची भर, आणि ते गिळून जात नाही, तिथंच गालाला लागून बसतं. धूर नसलेली तंबाखू तोंडाचा कॅन्सर करते यात शास्त्रज्ञांमध्ये वाद नाही, सुपारीबद्दलही नाही, म्हणजे मावा, गुटखा दोन्हीकडून मारतात. भाकरीच्या डागाबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकीला मी हल्ली हे विचारतेच, काकू, घरात मिश्री कोण लावतं? लगेच सुटत नाही हे मला माहितीये, व्यसन आहे ते, म्हणून घरातल्यांनी ओरडू नका, 1800-11-2356 हा सरकारी टोल फ्री नंबर त्यांना लावून द्या, आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम दिसली तर सरळ डॉक्टरकडं घेऊन जा.