बॉयलर काढण्याआधी घर मोजलं

आई लीड्सला आमच्याकडे पहिल्यांदा आली ती जानेवारीत. रेडिएटरला हात लावता येत नव्हता इतका तापलेला, तरी ती शाल सोडेना. "अगं, हवा गरम आहे, पण भिंतीच गारठल्यात," म्हणाली. सहा वर्षं त्या घरात राहून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

घर १९३०च्या दशकातलं. विटांच्या दोन भिंती, मधली पोकळी रिकामी. वर्षाला सुमारे १४,००० युनिट (किलोवॉट-तास) गॅस लागायचा. एका युनिटमागे साधारण १८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर अडीच टन. तेही बहुतेक सगळं ऊब आणि आंघोळीपायी! गॅस बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र, बसवायचं तेव्हाच ठरवलं.

पहिल्या कंपनीच्या माणसाने बेडरूम मोजल्या आणि पंधरा मिनिटांत १२ किलोवॉटचा पंप सांगितला. दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या बाई तीन तास घरात होत्या. प्रत्येक खोली, खिडकी, भिंतीची जाडी टिपून घेतली आणि बाहेर उणे तीन असताना कुठून किती उष्णता निसटते याचा हिशोब मांडला. आठ किलोवॉट निघाले. "आधी माळ्याला आणि भिंतींना उष्णता अडवणारा थर करून घ्या, सहावर येईल," त्या म्हणाल्या. एवढ्या एका सल्ल्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

उन्हाळ्यात माळ्यावरचा १०० मिलिमीटरचा थर २७० केला आणि भिंतीला भोक पाडून, आत ओल नाही ना हे बघून मगच पोकळी तशाच उष्णता अडवणाऱ्या साहित्याने भरली. ओल असताना पोकळी भरली तर ओल आतल्या भिंतीत उतरते, त्यामुळे तिथे घाई करू नका.

मग त्यांनीच सुचवलेला एक प्रयोग केला. तुम्हीही करा, फुकट आहे. थंडीत जुन्या बॉयलरचं पाणी ७० अंशांवरून ५० वर आणलं. हीट पंप साधारण तेवढ्याच तापमानावर चालतो. दोन खोल्या गार राहिल्या, म्हणून रेडिएटर फक्त तिथलेच मोठे घेतले.

७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळतं. अर्ज बसवणारी कंपनीच करते, रक्कम बिलातून वजा होते. मला एका ईमेलला होकार द्यावा लागला, बस. जड गेलं ते गरम पाण्याच्या टाकीला जागा करणं. जिन्यावरचं कपाट गेलं, त्यातली फराळाची भांडी अजून खोक्यात आहेत.

पहिल्याच गारठ्यात हीट पंपाच्या घराबाहेर बसवलेल्या यंत्रातून वाफेचे लोट निघाले. घाबरून फोन केला, तर ते स्वतःवरचं हिंव वितळवत होतं. हे आधी सांगायला हवं होतं. दुसरी सवय म्हणजे सारखं बंद-चालू करायचं नाही. मंद चालू ठेवायचं.

वर्षभरात गॅसऐवजी साधारण ३,७०० युनिट वीज लागली. इथे विजेचा युनिट गॅसच्या चौपट महाग, त्यामुळे बिल जवळपास तेवढंच आलं. हा दरातला फरक मला मनापासून चुकीचा वाटतो. सामान्य माणूस याच हिशोबावर अडतो. शेगडीही इंडक्शनची घेतली, तेव्हा गॅसचं मीटर काढता आलं आणि त्याचं रोजचं भाडं वाचलं. भाकरी आता तव्यावरच फडक्याने दाबून फुगवते.

बैठकीत दिवसरात्र २० अंश असतात. पुढच्या दाराखालून येणारा वारा तेवढा अडवायचा राहिलाय.