तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईत नसलेल्या गवताबद्दल

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि हाजीअलीकडचे, जुहूकडचे खडक उघडे पडतात. मी तिथे लोकांना समुद्र दाखवायला नेते. दर वेळी कुणीतरी खडकावरचा हिरवागार, ओला पापुद्रा उचलून विचारतं, "ताई, हेच का समुद्री गवत?" मी सांगते, हे शेवाळ. मग ते गवत कुठे बघायचं? मुंबईत नाही, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "इथे नाहीच, तर त्याबद्दल तुम्ही इतकं का सांगता?"

तिथे उभ्या उभ्या सांगून होत नाही, तोवर पाणी भरायला लागलेलं असतं. म्हणून इथे लिहिते.

शेवाळाला खरी मुळं नसतात, ते खडकाला नुसतं धरून राहतं. समुद्री गवत मात्र जमिनीवरच्या झाडांच्या वंशातलं. त्याचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी परत समुद्रात उतरले आणि मुळं, खोड, फुलं सगळं बरोबर घेऊन गेले. अंगणातली हरळी कधी उपटली असेल तर आठवा, एक काडी ओढावी आणि हातभर दोर निघावा. याचं खोडही तसंच वाळूखालून सरपटत जातं. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये असं एकच रोप पसरत पसरत १८० किलोमीटर गेलेलं आहे, हे शास्त्रज्ञांना २०२२ मध्ये कळलं. आणि फुलं! एनहॅलस नावाच्या जातीची नर फुलं देठापासून सुटून वर येतात आणि पाण्यावर तरंगत मादी फुलापर्यंत पोचतात. मी हे अनेकदा सांगितलंय, तरी प्रत्येक वेळी मला नवल वाटतं.

या गवताला ऊन लागतं. आपल्या समुद्रात खाडीचा गाळ, आणि मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर चढणारं पाणी तो गाळ सतत ढवळत असतं. तळाशी उजेड पोचतच नाही. कोकण-गोव्याच्या काही खाड्यांत तिवरांच्या आसपासच्या चिखलावर एक अगदी बुटकी जात तग धरून आहे, पण कुरण म्हणावं असं काही आपल्याकडे नाही. मोठी कुरणं पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचं आखात, अंदमान आणि लक्षद्वीप इथे.

लक्षद्वीपमध्ये अगत्तीला मी पहिल्यांदा गेले ती हिरवळ बघायच्या ओढीने. मास्क लावून पाण्यात तोंड घातलं तर खाली पांढरी वाळू आणि बोटभर खुंट. कासवांनी गवत चरून संपवलं होतं. हिरवी कासवं मोठ्या संख्येने त्या उथळ पाण्यात जमली होती, आणि तिथलं गवत संपल्यावर दुसऱ्या बेटांकडे वळली. तिथले मच्छीमार कासवांवर चिडून होते, ती आपले मासे पळवतात म्हणून. मोठी हिरवी कासवं मुख्यतः गवत खातात, मासे नाही. पण मच्छीमारांचं चूक नव्हतं. गवत गेलं तसे त्यात लपणारे, चरणारे, वाढणारे मासेही गेले आणि जाळी हलकी यायला लागली. शास्त्रज्ञांनी पुढे मोजमाप करून हेच दाखवलं. एरवी कासवांसारख्या चरणाऱ्या जनावरांना मोठे शार्क एका जागी ठरू देत नाहीत, आणि शार्क तर आपण सगळीकडेच मारत आलोय. त्यामुळे मला कासवांना दोष देववत नाही.

समुद्री गवताची पानं लाटांचा जोर मोडतात, मुळं वाळू धरून ठेवतात, आणि मेलेली पानं-मुळं गाळात गाडली जाऊन त्यांतला कार्बन शेकडो वर्षं तिथेच राहतो. मुंबईत यातलं बरंचसं काम खाजण, म्हणजे तिवरांचं वन, करतं. ते आपल्याला कळलं, कारण ते दिसतं. मानखुर्द सोडून लोकल वाशीच्या पुलावर चढली की खिडकीतूनच दिसतं. २६ जुलै २००५ चा पूर आला, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. गवताच्या कुरणावरून कुठलीच लोकल जात नाही. ते नाहीसं झालं तरी किनाऱ्यावरून पाणी तसंच निळं दिसतं. म्हणून मी सांगत राहते. सुट्टीत अंदमान-लक्षद्वीपला जाणारी माणसं आपल्याच शहरातली असतात. बोट गवतावर नांगर टाकते तेव्हा वाळूखालचे ते दोर तुटतात, आणि ती जागा भरून यायला वर्षं लागतात. नांगर वाळूवर टाका, एवढं नावाड्याला सांगायला तर येतं ना?

गेल्या हिवाळ्यात जुहूला "का सांगता" म्हणून विचारणाऱ्या एक बाई नंतर अंदमानात हॅवलॉकला गेल्या. तिथून त्यांचा फोटो आला, खाली एवढंच लिहिलेलं: "हेच ना? पण पानं कुणी कातरलीत?" पानांच्या कडांना अर्धगोल खाचा होत्या. मी कळवलं, हेच. पोपटमासा चरून गेलाय.